खानापूर तालुक्यात दुसरी वायर का येत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या एका गावातल्या तरुण मंडळाने वादविवाद स्पर्धा ठेवली आहे. विषय आहे, 'स्थानिक टेलिफोन सेवेवरचे सरकारी नियंत्रण पूर्ण उठवावे.' प्रश्न विचारणाऱ्या मुलाने दोन्ही बाजूंचे मुद्दे कळवले आहेत. एक बाजू म्हणते, मोबाईल कंपन्यांना मोकळे सोडले तेव्हा दर कोसळले, वायरवरच्या सेवेचेही तसेच होईल. दुसरी म्हणते, सरकारी खाते नसते तर आपल्याकडे फोन पोचलाच नसता, म्हणून खासगीवाल्यांना मोकळे सोडू नये. शेवटी त्याने स्वतःची अडचण विचारली आहे: आमच्या गावात फायबर एकाच माणसाकडून मिळते, तो सांगेल तो दर. मग खरे कोणाचे?

आधी टेलिफोन खात्याच्या केबल विभागात आणि नंतर खासगी फायबरच्या कामावर, बेळगाव-खानापूर-निपाणी या पट्ट्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे मी उत्तर वायरीपासून सुरू करतो, धोरणाकडे मागून येतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. दरावरचे नियंत्रण उठवायला माझी हरकत नाही. नव्या माणसाला धंद्यात येऊ न देणारे परवानेही कमी करावेत. पण एकाच्या जाळ्याला दुसऱ्याचे जाळे जोडून देण्याची, आणि खांब, नळी, शेवटची तार वाजवी भाड्याने देण्याची सक्ती उठवली, तर आहे ती स्पर्धासुद्धा टिकत नाही. तुमच्या दोन्ही बाजू या तिन्ही गोष्टींची एकच मोळी बांधून भांडत आहेत.

एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी चौकट असते. तिथून निघालेली जाड केबल रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत, म्हणजे जोडण्यांच्या कपाटापर्यंत येते, पिलरमधून बारीक केबल घरांजवळच्या छोट्या पेटीपर्यंत, म्हणजे डीपीपर्यंत जाते आणि डीपीवरून ड्रॉप वायर तुमच्या घरात शिरते. बेळगाव ते पुणे असा एसटीडीचा, म्हणजे परगावच्या कॉलचा मार्ग हजारो ग्राहक वाटून घेतात, कॉल वाढतील तसा प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी होतो. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची जोडी मात्र एकट्या तुमची. महिन्यात दोन कॉल करा नाहीतर दोनशे, ती तुमच्यासाठीच अडकून पडते. बेळगाव शहरात टिळकवाडीला एका पिलरवर शेकडो घरे बसतात. जांबोटीवरून कणकुंबीच्या बाजूला गेलात की एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत नुसते जंगल आणि ओढे. पावसाळ्यात तिथे केबलचे हाल विचारू नका. कागदी इन्सुलेशनच्या जुन्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की आधी लाईनवर खरखर, मग दुसऱ्याचे बोलणे कानावर, मग लाईन डेड. पुढे जेली भरलेली केबल आली तेव्हा त्रास कमी झाला, पण जॉइंट हलगर्जीपणाने बांधला असेल तर जेलीही वाचवत नाही. अशा एका फॉल्टमागे लाईनमनचा अख्खा दिवस जायचा, आणि भाडे शहरातल्यापेक्षा जास्त नाहीच.

आता त्याच वाडीत दुसऱ्या कंपनीने दुसरी केबल टाकली असे धरा. खर्च दुप्पट झाला, ग्राहक दोघांत वाटले गेले. हिशेब कळणारा कोणीही ती टाकणार नाही, नियम असोत नाहीतर नसोत. स्पर्धा कोणी अडवली हे आधी इथे शोधायचे, दिल्लीत नंतर.

सरकारी खात्याच्या बाजूने बोलणाऱ्याने कित्तूरचे उदाहरण जरूर घ्यावे. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी बनवलेले 128 पोर्टांचे छोटे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज, ज्याला आम्ही रॅक्स म्हणायचो, ते 1986 मध्ये पहिल्यांदा बसले आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला. एसी लागत नसे, धूळ आणि उकाडा सोसत असे. बाहेरच्या मोठ्या यंत्रांना थंडगार खोली लागायची, ती कोणत्या खेड्यात मिळणार होती? खेड्यातल्या शे-सव्वाशे लाईनसाठी यंत्र बनवावे असे तेव्हा कोणत्याही नफ्याच्या कंपनीला वाटले नसते. एवढे सांगितलेत तर टाळ्या मिळतील. पण समोरच्याने लगेच विचारावे, त्याच काळात फोनसाठी किती वर्षे थांबावे लागायचे? 'ओवायटी' (ओन युवर टेलिफोन) योजनेत आगाऊ रक्कम भरूनही माणसे वाट पाहत बसायची. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच लिहिले आहे की देशात शंभर माणसांमागे फोनचे प्रमाण जेमतेम 0.8 होते. कित्तूरला एक्स्चेंज देणारे खाते तेच आणि अर्जदाराचे केस पिकेपर्यंत अर्ज फायलीत ठेवणारेही तेच.

त्या 1994 च्या धोरणाने स्थानिक सेवा खासगी कंपन्यांना उघडली. यातून आपल्या सीमाभागात आपोआप एक प्रयोग झाला, तो सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या फेरीत सहाच सर्कलमध्ये, म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या विभागांत, करार झाले: महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, पंजाब आणि राजस्थान. कर्नाटक त्यात नव्हते. म्हणजे दूधगंगेच्या पलीकडे कागलला खासगी स्थानिक सेवेचा परवाना लागू, अलीकडे कोगनोळी-निपाणीला नाही. भाषा तीच, ऊस तोच, पाहुणे-रावळे दोन्हीकडे. मग पलीकडे दुसरी वायर आली का? महाराष्ट्राचा परवाना ह्यूजेस इस्पातकडे होता. तिचे जाळे वाढले ते मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याकडे, जिथे एका इमारतीत दहा ऑफिसे मिळतात. करारात एकूण जोडण्यांपैकी दहा टक्के खेड्यांत देण्याची अट होती. बहुतेक कंपन्यांनी ती पुरी केली नाही. कागलकडच्या खेड्यातल्या दारात वायर खात्याचीच राहिली, निपाणीकडच्या खेड्यातही खात्याचीच. पुढे 2001 नंतर कर्नाटकातही खासगी परवाने आले, आणि त्यांनीही आधी बंगळूर पाहिले. आपण असतो तर आपणही तेच केले असते.

त्यामागे दराचा गुंता होता. भाडे आणि लोकल कॉल खर्चाहून स्वस्त ठेवलेले, एसटीडी-आयएसडी खर्चाहून कितीतरी महाग. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या एसटीडी बिलातून खानापूरच्या शेतकऱ्याचा फोन चालायचा, हे दोघांनाही ठाऊक नसायचे. नवी कंपनी आली की ती आधी कोणाच्या दुकानात जाणार? व्यापाऱ्याच्या. तो गेला की शेतकऱ्याच्या फोनचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न उघडा पडतो. दूरसंचार नियामक ट्रायने 1999 मध्ये भाडे वाढवून एसटीडी खाली आणायला सुरुवात केली. 2000 मध्ये देशांतर्गत लांब पल्ल्याची सेवा खुली झाली. मग 2002 पासून यूएसओ, म्हणजे सर्वांपर्यंत सेवा पोचवण्याचा निधी आला, कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के खेड्यांसाठी बाजूला काढणारा. 2003 ते 2008 या काळात तोट्यातल्या स्थानिक लाईनच्या भरपाईसाठी एडीसी नावाचा वेगळा आकारही होता. या सगळ्यात मला निधीची कल्पना पटते. खेड्याचा खर्च कोणाच्या तरी बिलात लपवण्यापेक्षा उघड वेगळा काढलेला बरा. तो निधी वर्षानुवर्षे पुरता खर्च होत नाही ही तक्रार वेगळी, आणि रास्त आहे.

परदेशातले दाखले द्यायचे असतील तर अमेरिकेआधी न्यूझीलंडचा घ्या. 1989 मध्ये त्यांनी टेलिफोन सेवा पूर्ण खुली केली आणि दूरसंचारासाठी वेगळा नियामकच ठेवला नाही. स्पर्धेचा साधा कायदा पुरेल, भांडण झाले तर कोर्ट आहे, असा विचार. पुढच्या वर्षी सरकारी कंपनी दोन अमेरिकी कंपन्यांना विकली. क्लिअर नावाची नवी कंपनी आली आणि तिने जुन्या कंपनीकडे स्थानिक जाळ्याला जोडणी मागितली. दर किती, यावरून खटला सुरू झाला तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला. 1994 मध्ये निकाल लागला जुन्या कंपनीच्या बाजूने: ग्राहक नव्या कंपनीकडे गेल्यामुळे आपला जो नफा बुडतो तो जोडणीच्या दरात धरायला तिला मुभा. खालच्या माणसाच्या शेताला जायची पाणंद वरच्याच्या बांधावरून जाते, आणि वरच्याने म्हणावे, 'तू पिकवलेस तर माझ्या मालाचा भाव पडेल, तेवढी भरपाई देऊन जा', त्यातला हा प्रकार. शेवटी 2001 मध्ये न्यूझीलंडने दूरसंचार आयुक्त नेमला, 2006 मध्ये शेवटची तार इतरांना उघडायला लावली आणि 2011 मध्ये जाळ्याची कंपनी सेवेच्या कंपनीपासून वेगळीच केली. नियम नकोत म्हणून निघालेला देश बहुतेकांपेक्षा कडक नियमांवर जाऊन थांबला. तुमच्या प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्याने याचे उत्तर तयार ठेवावे.

अमेरिकेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1984 मध्ये एटी अँड टी ही तिथली अवाढव्य टेलिफोन कंपनी फोडून लांब पल्ला एकीकडे आणि सात प्रादेशिक स्थानिक कंपन्या एकीकडे केल्या. 1996 च्या कायद्याने त्या स्थानिक कंपन्यांना सांगितले, तुमची तार आणि स्विच नव्यांना खर्चावर आधारलेल्या दराने भाड्याने द्या, तसे केलेत की लांब पल्ल्यात तुम्हालाही येऊ देऊ. जुन्यांचा युक्तिवाद होता की भाड्याचा दर इतका कमी ठेवला तर नवी तार कोण टाकेल? आम्हीही नाही आणि तेही नाहीत. नवे म्हणत, तार भाड्याने मिळाल्याशिवाय उभे राहायलाच जागा नाही. दोघांच्याही म्हणण्यात दम आहे, आणि वादविवादाचा खरा गाभा मला हाच वाटतो. कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या, 2004 च्या निकालाने भाड्याची सक्ती बरीच सैल झाली, आणि 2005 मध्ये त्या प्रादेशिक कंपन्यांपैकीच एका कंपनीने मूळ एटी अँड टी विकत घेतली. घरात स्पर्धा शेवटी आणली ती केबल टीव्हीवाल्यांनी, कारण दुसरी वायर त्यांनी आधीच दुसऱ्या कामासाठी टाकून ठेवली होती. ब्रिटनने 2006 मध्ये जुन्या कंपनीची तारा सांभाळणारी शाखा, ओपनरीच, वेगळी करून तिसरा मार्ग काढला, त्याबद्दल इथे एवढेच पुरे.

केबल टीव्ही म्हटल्यावर आपल्या गल्लीकडे येऊ. कोणतेही नियंत्रण नसलेली स्थानिक वायर कशी वागते हे पाहायला परदेशी जायची गरजच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत केबलच्या वायरी माडावरून गच्चीवर आणि गच्चीवरून विजेच्या खांबावर गेल्या, कोणाची परवानगी नाही, कोणाचे भाडे नाही. 1995 मध्ये कायदा आला तो मुख्य पोस्टात नोंदणी करण्यापुरता. सुरुवातीला एका गल्लीत दोघे-तिघे उतरायचे, वायरी कापायचे, मारामारीही व्हायची. थोड्याच काळात त्यांना कळले की एका गल्लीत दोन वायरी कोणालाच परवडत नाहीत. मग गल्ल्या वाटून घेतल्या गेल्या. 'हे घर त्याच्या हद्दीत येते, मी कनेक्शन देऊ शकत नाही' हे वाक्य बेळगावात कोणी ऐकले नाही? परवाना सर्वांना खुला होता, दरावर ताबा नव्हता, आणि शेवटी प्रत्येक गल्लीत एकाचीच मक्तेदारी. तुमच्या गावातला तो एकटा फायबरवाला त्याच परंपरेतला आहे. त्याला मी दोष देत नाही. पहिली वायर त्याने स्वतःच्या पैशाने ओढली.

मग मोबाईलमध्ये वेगळे का घडले? एक कारण तांत्रिक: एक टॉवर अनेकांना पुरतो, घरागणिक तार लागत नाही. दुसरे कारण तुमच्या पहिल्या बाजूला आवडणार नाही. मोबाईलचे दर मोकळे सोडले, पण जोडणी सोडली नाही. 1 मे 2003 पासून फोन करणारा पैसे देईल असे ठरले आणि येणारा कॉल फुकट झाला. एका कंपनीने दुसरीला कॉल पोचवण्यासाठी किती द्यायचे ते ट्राय ठरवत राहिली. ऑक्टोबर 2017 मध्ये तो दर मिनिटाला 14 पैशांवरून 6 पैशांवर आला आणि जानेवारी 2021 पासून शून्य झाला. 2016 मध्ये जिओ आली तेव्हा जुन्या कंपन्या पुरेसे जोडणी बिंदू देत नाहीत म्हणून ट्रायने तीन कंपन्यांवर मिळून 3,050 कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. समजा जोडणीची सक्ती नसती, तर जिओच्या ग्राहकाला एअरटेलच्या ग्राहकाशी बोलताच आले नसते आणि फुकट सिम घेऊनही कोणी वापरले नसते. दर खाली आले ते या पायावर. आणि त्यानंतर खासगी कंपन्या तीनच उरल्या, हेही त्याच हिशेबात धरा.

सीमाभागातल्या माणसाला सरकारी रेषा कशी महाग पडते हे तर आपण अंगावर काढले आहे. सर्कल राज्याप्रमाणे आखलेली. निपाणीत घेतलेले सिम कागलला गेले की रोमिंग, चंदगडचे सिम बेळगावच्या बाजारात आले की रोमिंग. म्हणून घरोघर दोन सिम असायची. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर आली, पण आपल्या सर्कलपुरतीच. दुसऱ्या सर्कलमध्ये नंबर न्यायला जुलै 2015 उजाडले. आता हा त्रास जवळपास संपला.

आपल्या देशाने जी संधी सोडली ती 2004 ची. ट्रायने शिफारस केली होती की बीएसएनएल आणि एमटीएनएलने आपल्या तांब्याच्या जोड्या इतर कंपन्यांना ब्रॉडबँडसाठी खुल्या कराव्यात. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्ती घातली नाही, इतरांशी व्यावसायिक करार करायची मोकळीक दिली, एवढेच. तेव्हा खात्यातल्या माझ्या सोबत्यांचे म्हणणे होते, चिखलात उभे राहून आम्ही केबल टाकली, दुसऱ्याने आयती का वापरावी? भावना मला पूर्ण समजते. पण त्या जोड्या भाड्याने गेल्या असत्या तर भाडे आले असते. त्याऐवजी लोकांनी लँडलाईनच सोडली आणि तांबे जमिनीत पडून राहिले, जिथे चोरांनी ठेवले तिथे. हा निर्णय चुकला असे माझे ठाम मत आहे.

आता तुमच्या गावाचे. इंटरनेट सेवेचा परवाना आज छोट्या माणसालाही मिळतो. 'क' वर्गाचा परवाना एका एसएसएपुरता, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यापुरता. परवाना न घेता एखाद्या मोठ्या कंपनीचा किंवा बीएसएनएलचा भागीदार होऊन, वायर आपली आणि सेवा त्यांची अशाही पद्धतीने लोक काम करतात. अडते ते परवान्यापाशी नाही. दुसरा माणूस यायला तयार झाला तर त्याला तीन गोष्टी लागतील: खानापूरहून गावापर्यंत बँडविड्थ, रस्त्याकडेने जायला जागा, आणि गावात खांब. खांब बहुधा हेस्कॉम या वीज कंपनीचे. रस्ता कधी पंचायतीचा, कधी बांधकाम खात्याचा. आधी 2016 चे नियम होते, आता 2023 च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे राइट ऑफ वे (वायर नेण्याच्या वाटेचे) नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. मुदतीत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे धरायची तरतूद त्यात आहे. म्हणून अर्ज तोंडी करू नका, पोच घ्या. पंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेचा फायबर आला असेल तर तो नुसता कपाटात वळसे घालून ठेवलेला नाही ना, पेटी चालू आहे ना, आणि त्यावरची क्षमता भाड्याने मिळते का, हे ग्रामसभेत विचारा. तो चालू असेल तर दुसऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा खर्च, खानापूरपासूनचा, वाचतो. मग गावातल्या गावात दुसरी वायर ओढणे आटोक्यात येते.

आणखी एक गोष्ट पाहा. दोन पुरवठादार असूनही दोघांचा फायबर एकाच गटारीच्या कडेने येत असेल, तर एका जेसीबीने दोन्ही बंद पडतात. वेगळ्या वाटेने येणारा दुसरा माणूस थोडा महाग असला तरी शाळेला, पतसंस्थेला आणि दवाखान्याला तो घ्यायला सांगा.

भीमगड अभयारण्याच्या आतल्या गवाळी, आमगावसारख्या वाड्यांना यातले काहीच लागू पडत नाही. तिथे खांब रोवायलाही वन खात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात वीज दिवसेंदिवस जाते. अशा ठिकाणी दोन कंपन्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. निधीच्या पैशातून एकच टॉवर, त्याला सौर पॅनेल आणि पुरेशी बॅटरी, आणि त्यावर सर्व कंपन्यांचे सिम चालावे ही अट, एवढेच मागावे. यूएसओ निधीचे नाव आता डिजिटल भारत निधी झाले आहे, मागणीच्या अर्जात ते नाव घाला.